करवतीचं खालचं टोक

डॉक्टरीणबाईंनी माझा उजवा हात धरून वर उचलला, तो खांद्याच्या थोडा खालीच अडकला. त्यांनी अजून रेटला तेव्हा मी ओरडले नाही, पण डोळ्यांतून पाणी आलं. हात सोडून त्यांनी विचारलं, "काम काय करता?"

"घरकाम," आमचे हे मध्येच म्हणाले.

"आणि करवत ओढते," मी म्हणाले. खोटं बोलून औषध थोडंच लागू पडतं.

बाईंना करवत म्हणजे हातात मावणारी वाटली. मग मी सांगितलं. ओंडका खड्ड्यावर आडवा टाकायचा. एकानं ओंडक्यावर उभं राहायचं, एकानं खाली खड्ड्यात, आणि मध्ये माणसापेक्षा उंच करवत. वरचा माणूस रेघ बघतो. खालच्यानं फक्त ओढायचं आणि सोडायचं, ओढायचं आणि सोडायचं, आणि वरून पडेल तो भुसा अंगावर घ्यायचा. पूर्वी खाली माझे धाकटे दीर असायचे. ते गाडी चालवायला शहरात निघून गेले, तेव्हा हे मला म्हणाले होते, दोन दिवस धर, तेवढ्यात माणूस बघतो. त्या दोन दिवसांना अकरा वर्षं झाली.

"यापुढे ओढलीत तर हा हात ताटापासून तोंडापर्यंतही जाणार नाही," बाई म्हणाल्या. त्या माझ्याकडे बघून बोलल्याच नाहीत, ह्यांच्याकडे बघून बोलल्या.

घरी येईपर्यंत माझ्या डोक्यात एकच शब्द घोळत होता. घरकाम म्हणे.

काळजी होती ती डोंगरावरच्या कामाची. दोन महिन्यांपूर्वीच्या वादळात तिथल्या बागवाल्यांची झाडं आडवी झाली होती, पन्नास-साठ तरी. खालचा पूल वाहून गेला, त्यामुळे ओंडके गाडीत घालून गिरणीवर न्यायची सोय उरली नाही. बागवाले आमच्या दारात येऊन म्हणाले होते, तिथेच येऊन चिरून द्या, पण पावसाच्या आत, नाहीतर भुंगा लागेल. ह्यांनी हो म्हटलं होतं. तेव्हा माझा हात नुसता दुखत होता. आता तो उठत नव्हता, कपडे वाळत घालता येत नव्हते, केस विंचरता येत नव्हते. शेजारीण सकाळी येऊन वेणी घालून जायची, शाळेत निघालेल्या पोरीला घालावी तशी घट्ट.

दुसऱ्या दिवशी हे भंगारवाल्याकडून मोटारीची दोन चाकं घेऊन आले.

"गाडी घेताय का?" मी विचारलं. "हप्त्याहप्त्यानं आणणार वाटतं."

हे हसले नाहीत. चाकं मागच्या शेडमध्ये नेऊन उभी केली आणि खडूनं जमिनीवर काहीतरी काढायला बसले. मी चहा घेऊन गेले तेव्हा बोलले. दोन चाकांवर पात्याचा पट्टा चढवायचा, वेढ्यासारखा. पाण्याच्या पंपाचं जुनं इंजिन पडलंय ते एका चाकाला जोडायचं. हे सगळं एका चौकटीत बसवायचं, चौकट रुळांवर ठेवायची आणि ओंडक्यावरून ढकलत न्यायची. प्रत्येक फेरीला एक फळी. सगळं नटबोल्टाचं ठेवायचं, म्हणजे सुटं करून डोंगरावर नेता येईल.

"एक माणूस पुरतो," हे म्हणाले. थोडा वेळ खडू घासून परत म्हणाले, "एक माणूस पुरतो त्याला."

मला बरं वाटायला हवं होतं. वाटलं नाही, खरं सांगते. अकरा वर्षं भुसा खाल्ला तो मी, आणि एका दिवसात एक माणूस पुरतो. चहाचा कप मी जरा आपटूनच ठेवला.

पण हिशोब मलाही कळत होता. यंत्र चाललं तर मी खड्ड्यात उतरायची नव्हते. नाही चाललं तर बागवाल्यांना दिलेला शब्द होता, भिंतीवर करवत होती, आणि खाली उतरायला माझ्याशिवाय कोणी नव्हतं. माझा हात त्या दोन चाकांवर अडकला होता.

दुसऱ्या दिवसापासून शेडमध्ये लोखंड यायला लागलं. लाकडाची कामं एका कोपऱ्यात सरकवली, एका कपाटाची दारं तशीच अर्धी राहिली. सासरे दारातल्या खोक्यावर येऊन बसले. ते पूर्वीचे मोठे सुतार. आता गुडघे गेलेत, पण दारातलं खोकं त्यांनी सोडलेलं नाही. हातात त्यांचा गज. गज म्हणजे मोजायची लाकडी काठी, तीन हात लांब, इंचाच्या खुणा कोरलेली, त्यांनी तरुणपणी स्वतः केलेली. आमच्या घरात दुसरं माप नाही. दार, खिडकी, पलंग, सगळं ह्याच गजानं झालेलं. गुडघे गेल्यापासून सासरे तोच गज टेकत चालतात. ह्यांना काही मोजायचं असलं की हे म्हणणार, "दादा, जरा बसा." सासरे बसणार, गज देणार, आणि तो परत येईपर्यंत जागचे हलणार नाहीत.

"लोखंडाला कसला गज," सासरे म्हणाले. "लोखंड चुकलं तर रंधा मारता येतो का?"

"म्हणूनच नीट मोजतोय," हे म्हणाले.

हातकरवतीनं खांबांचे लोखंडी अँगल कापायचे म्हणजे जिवावर यायचं काम. अँगल थरथरतो, पातं अडकतं, तुटतं. माझ्यानं धरवत नव्हतं, तर ह्यांनी मला अँगलवर बसवलं. हात चालत नाही, वजन तर चालतं. मी त्या गार लोखंडावर बसून राहायचे, हे कापायचे, आणि सासरे दारातून सांगायचे, जरा पुढे सरक, अंग टाक. पन्नाशीच्या बाईला वजन म्हणून वापरतात, हे माझ्या आईनं बघितलं असतं तर तिनं मला माहेरी नेलं असतं.

जोडायला वेल्डर यायचा. त्याला सगळे ठिणगी म्हणतात, कारण त्याचं तोंड त्याच्या कामासारखंच. आपलं दुकान बंद करून दुपारी यायचा, काळा चष्मा कपाळावर ठेवून आधी सगळ्यांची खोडी काढायचा.

"वहिनी, हे यंत्र चाललं तर तुमचं काय काम?"

"तुला चहा कोण देईल?" मी म्हणाले.

"तेही खरं."

चौकटीला चार खांब होते, दोन ह्या बाजूला, दोन त्या बाजूला, बेचाळीस इंच उंच. वर आडवी तुळई. तुळईला दोन लांब आटेवाले दांडे, आणि त्यांना पट्टा, चाकं, इंजिन सगळं लटकलेलं. दांडे फिरवले की पातं खाली-वर व्हायचं. दोन्ही दांड्यांना सायकलची चेन घातली, म्हणजे एक फिरवला की दुसराही तेवढाच फिरावा. ही युक्ती ह्यांची स्वतःची. ठिणगीनं त्याबद्दल काही खोडी काढली नाही, म्हणजे ती चांगली असणार. डावीकडचे दोन खांब ह्यांनी कापले आणि हातकरवतीचं शेवटचं पातं तुटलं. हे ठिणगीला म्हणाले, "उरलेले दोन तुझ्या मशीनवर काप. बेचाळीस." तो दुसऱ्या दिवशी कापून घेऊन आला.

सोळा दिवसांनी यंत्र उभं राहिलं. दिसायला बेंगरूळ, एक चाक लाल, एक निळं, पट्टा गार राहावा म्हणून वर तेलाच्या डब्यातून पाण्याची धार. ह्यांनी हँडल मारलं, इंजिन खोकत सुरू झालं. यंत्र दोन हातही गेलं नसेल, पट्टा चाकावरून उडाला आणि पत्र्याच्या भिंतीवर जाऊन आदळला. सासरे खोक्यावरून न उठता नुसते मागे झुकले. इंजिन एकटंच चालू होतं.

चाकांतली हवा कमी केली, पट्टा बसला. तेव्हा दुसरी अडचण. फळी निघायची, गुळगुळीत निघायची, पण एक कड जाड आणि एक पातळ. इकडे बोटभर तर तिकडे अर्धं बोट. पहिली बघून हे म्हणाले, ओंडका हलला असेल. ओंडका बांधला. दुसरी तशीच. पट्ट्याचे दात बोथट असतील म्हणून सगळे दात कानशीनं घासले, एक दिवस गेला. तिसरी तशीच. चाक वाकडं असेल म्हणून चाक उतरवलं. बेअरिंग बदललं. रूळ उलटे करून टाकले. शेडची जमीन पाणी वाहून जायला उतरती केलेली, त्यामुळे यंत्र सरळ उभं आहे की नाही हे बघायची सोयच नव्हती. सरळ असं आमच्या शेडमध्ये काही नाहीच.

बागवाल्यांचा निरोप आला. आठ दिवसांत येणार असाल तर सांगा, नाहीतर शहरातल्या ठेकेदाराला बोलावतो, त्याच्याकडे मोठं फिरतं यंत्र आहे.

त्या सकाळी मी भांडी घासत होते. शेडमधून कानशीचा आवाज आला. पट्ट्याच्या दातांचा आवाज बारीक असतो, हा जाड होता, सावकाश. मला न बघताच कळलं. हात पुसून गेले तर हे भिंतीवरची मोठी करवत उतरवून मांडीवर घेऊन बसले होते, एकेका दाताला धार लावत. माझ्याकडे मान वर करून बघितलं नाही. सासरेही बघत नव्हते. भांडायची इच्छासुद्धा झाली नाही, इतकी दमले होते मी. अहो, एक शब्द तरी बोला, असं वाटलं.

मग मला त्या यंत्राचाच राग आला. सोळा दिवस मी ह्याच्या लोखंडावर बसले, आणि हेच यंत्र मला परत खड्ड्यात घालणार. खुंटीची सुतळी काढली. शिवण करणाऱ्या बाईला माप घ्यायला पट्टी लागत नाही, दोरी पुरते. सुतळीचं टोक डाव्या खांबाच्या बुडाशी पायाच्या अंगठ्यानं दाबलं, डाव्या हातानं ती वरपर्यंत नेली, तिथे दातात धरून गाठ मारली. मग तशीच उजव्या खांबाला लावली. गाठ खांबाच्या टोकापर्यंत पोचली नाही. अर्धं बोट कमी.

"अहो," मी म्हणाले. "हे दोन सारखे नाहीत."

"बेचाळीस आहेत दोन्ही."

"या आणि बघा."

ते आले. बघितलं. सुतळी माझ्या हातातून घेऊन परत बघितलं. मग ठिणगीची पत्र्याची टेप पडली होती ती लावली. उजवा बेचाळीस. डावा साडेएकेचाळीस. हे सावकाश वळले आणि दाराकडे बघायला लागले. सासरे खोक्यावर बसले होते, गजावर दोन्ही हात ठेवून, हनुवटी हातांवर. गजाचं खालचं टोक जमिनीत टेकलेलं, झिजून गोल झालेलं.

सहा वर्षं तो टेकत चालत होते ते. रोज अंगणात, रोज शेडमध्ये. अर्धा इंच झिजून जमिनीत गेला होता आणि आम्ही त्याच गजानं मोजत होतो. घरात सगळंच त्याच्याच मापाचं, त्यामुळे कुठे काही अडलं नव्हतं. परक्या घरचे दोन खांब आले तेव्हा अडलं.

सांगणार कोण? हे खांबाशी उभे, मी सुतळी गुंडाळत उभी. सासऱ्यांनीच गज उचलला, टोक डोळ्यांजवळ नेलं, त्यावरून अंगठा फिरवला.

"किती?" त्यांनी विचारलं.

"अर्धा," हे म्हणाले.

म्हाताऱ्याची मान खाली गेली होती. मला त्यांचं फार वाईट वाटलं. त्या गजाला दुसऱ्या कोणी हात लावायच्या आधी विचारावं लागायचं, असे दिवस मी बघितलेत.

"दार लागतं ना पण तुमचं?" शेवटी ते म्हणाले. "पलंग मोडला का?"

"नाही, दादा."

"मग." त्यांनी गज उलटा केला, झिजलेलं टोक वर हातात घेतलं आणि चांगलं टोक जमिनीवर टेकून उठले. "आता ही बाजू झिजवतो. दोन्ही सारख्या होतील."

मला हसू आलं, आणि हसता हसता खांदा दुखला.

ठिणगीनं दोन पट्ट्या कापून डाव्या खांबांच्या बुडाला जोडल्या. चहा पिताना तो गजाबद्दल एक शब्द बोलला नाही, हे मी त्याच्या नावावर लिहून ठेवलंय. दुपारी फळी काढली. ह्यांनी दोन्ही कडांवर बोट फिरवलं, मला दिली, मी फिरवलं. सारखी होती. मोठी करवत परत भिंतीवर गेली.

डोंगरावर न्यायचं म्हणजे आणखी एक दिव्य. तुटलेल्या पुलापर्यंत ट्रॉली, तिथून सगळं माणसांच्या अंगावर. रूळ, खांब, चाकं, डबे. इंजिन दांड्याला बांधून दोघांनी खांद्यावर घ्यायचं. ठिणगी आणि हे दोघांनी ते वर चढवलं, चौदा वेळा खाली ठेवून. मी मोजत होते कारण माझ्याकडे फक्त पाण्याची कळशी होती. यंत्र लावून दिलं आणि ठिणगी आपल्या दुकानाला परत गेला.

पहिले तीन दिवस चांगले गेले. उन्हानं कातडी सोलली, पण यंत्र चाललं. हे ढकलायचे, मी डाव्या हातानं पाण्याची धार सांभाळायचे आणि निघालेल्या फळीखाली पाचर सारायचे. फळ्यांचे दोन ढीग झाले. बागवाले येऊन बघायचे, फळीवर टिचकी मारायचे. जाडजूड माणूस, वाईट नव्हता, पण आपलं म्हणणं दोनदा सांगायची सवय नसलेला. त्यांचे दोन गडी ओंडके लोटून द्यायचे. मला वाटलं, झालं, सुटले.

चौथ्या दिवशी त्यांनी घराशेजारचं झाड दाखवलं. आजोबांच्या वेळचं, ते पडलं तेव्हा घरातले रडले होते म्हणे. त्याच्या रुंद फळ्या त्यांना हव्या होत्या, जेवायच्या मेजासाठी, सगळ्या घरानं एकत्र बसावं म्हणून. गड्यांनी तो ओंडका रुळांच्या मध्ये आणला. हे नुसतं बघूनच थांबले. खांबांच्या मध्ये तो जाणार नव्हता. वीतभर जास्त होता.

"याचं नाही जमणार ह्यावर," हे म्हणाले.

"आधी मधोमध दोन भाग करा. मग जाईल."

"कशानं करू?"

"करवतीनं," बागवाले म्हणाले. "आमच्याकडे आहे मोठी. गोठ्यामागे जुना खड्डाही आहे. दिवसाचं काम. तुम्ही वर, आणि बाई आहेतच की." आणि माझ्याकडे बघून मान हलवली, चांगल्या मनानं.

गडी माझ्याकडे बघायला लागले. मी काय केलं? कोणी सांगायच्या आधी मी कमरेचं फडकं काढून तोंडाला बांधायला घेतलं होतं. अकरा वर्षांची सवय. एक दिवस, मनात म्हटलं. एका दिवसानं काय होतंय. एवढं काम झालंय, उरलेलं काम हातचं जाऊ नये. गाठ एका हातानं बसत नव्हती, म्हणून मी दातांनी ओढत होते.

"ती उतरणार नाही," हे म्हणाले.

"एका दिवसाचंच आहे," बागवाले म्हणाले.

"तिचा हात गेलाय. खड्ड्यात काम करून गेलाय. ती उतरणार नाही." आवाज चढला नव्हता. हातात पाना होता, तो ते पुसत होते. "दुसरा माणूस द्या खाली, मी वर उभा राहतो."

गडी एकमेकांकडे बघायला लागले. करवत त्यांनी कधी धरली नव्हती आणि धरायची नव्हती, हे दिसत होतं. बागवाले गोरेमोरे झाले. गड्यांसमोर त्यांना कोणी असं बोललं नसेल.

"मग त्या झाडासाठी मला ठेकेदार बोलवावाच लागेल," ते म्हणाले. "आणि तो एका ओंडक्यासाठी येत नाही. सगळं देईन तर येईल."

मी तोंडावरचं फडकं खाली ओढलं. "अहो, मी करते ना," मी म्हणाले. "एक दिवस."

ह्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. "द्या ठेकेदाराला सगळं," बागवाल्यांना म्हणाले.

लग्नाला तीस वर्षं झाली. लाकडाला नाही म्हणताना मी ह्यांना कधी ऐकलं नव्हतं. ओलं असो, गाठीचं असो, आतून पोकळ असो, हे त्याच्याभोवती फिरत राहणार आणि काहीतरी वाट काढणार. त्या झाडाभोवती ते एकदाही फिरले नाहीत. खाली बसले आणि रुळांचे बोल्ट सोडायला लागले.

यंत्र सुटं व्हायला दुपार झाली. बागवाल्यांनी चहा पाठवला, तो गार झाला. रागानं माझं डोकं फिरलं होतं. इतक्या दिवसांची मेहनत, आणि हे कोण माझ्या हाताचं ठरवणारे? बोल्ट डब्यात टाकताना मी एकेक आपटत होते.

"मला विचारायचं तरी," शेवटी मी म्हणाले.

"तू हो म्हणाली असतीस."

हो म्हणालेच असते. म्हणालेही होते, सगळ्यांसमोर. डब्याचं झाकण लागेना, ते मी गुडघ्यानं दाबून बसले, आणि तशीच बसून रडले, आवाज न करता. हे इंजिनाला दोरी बांधत होते. त्यांना दिसलं असेल, पण ते बांधत राहिले.

गडी मदतीला आले नाहीत. ठिणगी नव्हता. चाकं आणि रूळ दुसऱ्या फेरीला न्यायचं ठरलं, आधी इंजिन, ते उघड्यावर सोडता येत नव्हतं. ह्यांनी दांडा दोरीतून सारला, एक टोक आपल्या खांद्यावर घेतलं, जड बाजू आपल्याकडे सरकवून घेतली, आणि पुढे वाट बघत उभे राहिले.

मी दुसऱ्या टोकाशी वाकले.

"डावा दे," मागे न बघता ते म्हणाले.

मी डावा खांदा दिला. आम्ही उठलो आणि उतरायला लागलो.